घरचीं मुकीं माणसें : कुत्र्याचा वाहता डोळा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले येथून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या घरीं चार वर्षांचा एक पांढरा, केसाळ कुत्रा आहे. गेल्या भाद्रपदापासून त्याचा डावा डोळा सारखा वाहतो; सकाळीं पापण्या चिपडांनीं चिकटलेल्या असतात, आणि अलीकडे उन्हांत गेला कीं तो डोळा मिटून घेतो. औषधाच्या दुकानांतून आणलेले थेंब घातले म्हणजे आठ दिवस बरें वाटतें. थेंब बंद केले कीं पंधरा दिवसांत पुन्हां तेंच. आतांपर्यंत तीन निरनिराळ्या बाटल्या झाल्या. कायमचे घालावयास चांगले थेंब कोणते, तें कळवावें, अशी त्यांची विनंती आहे. याच अर्थाचीं पत्रें आम्हांस इतर गांवांहूनहि अधूनमधून येतात. म्हणून या महिन्याचें सदर त्या एका प्रश्नाकरितां राखून ठेवलें आहे.

थेंबांचें नांव आम्ही सांगणार नाहीं. कां सांगणार नाहीं, हें समजावून देणें हाच या लेखाचा हेतु आहे. डोळा वाहणें हें रोगाचें नांव नव्हे. तें नुसतें लक्षण आहे. ताप आला असें म्हटल्यानें जसा हिंवताप कीं विषमज्वर हें कळत नाहीं, तसें डोळा वाहतो एवढ्यावरून कांहींच कळत नाहीं. सुश्रुतानें माणसाच्या डोळ्याचे ७६ रोग मोजले. कुत्र्याच्या डोळ्याची यादी कांहीं फार आखूड नाहीं. तेव्हां जो डोळा थेंबांनीं निवळतो आणि थेंब थांबतांच पुन्हां बिघडतो, त्याचें खरें कारण अद्यापि कोणीं शोधलेलें नाहीं, असें बहुधा समजावें.

"कुत्र्याला नाक आहे; एक डोळा अधू झाला म्हणून त्याचें काय अडतें?" असें घरांतील वडील माणसें कित्येकदां म्हणतात. कुत्र्याचें नाक तीक्ष्ण आहे यांत शंका नाहीं. परंतु दुखणारा डोळा नाकानें दुखावयाचा राहत नाहीं. शिवाय अकोल्यासारख्या मुलखांत अधू दृष्टि हें जिवावरचें संकट आहे. प्रवरेच्या खोऱ्यांत उसाच्या आश्रयानें बिबटे राहतात, हें तेथील मुलांनाहि ठाऊक आहे. श्रीमती विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं याच अकोले भागांत बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. बिबट्याच्या भक्ष्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वाटा पाळीव व गांवांतील कुत्र्यांचा निघाला. शेळ्यामेंढ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. रात्रीं पडवींत निजणाऱ्या कुत्र्याला दोन्ही डोळे शाबूत असणें म्हणजे काय, तें यावरून ध्यानांत येईल. ज्याची दृष्टि मंदावली आहे, त्याला अशा गांवीं दिवेलागणीनंतर घराबाहेर ठेवूं नये, ही पहिली सूचना आम्ही येथेंच करून ठेवतों.

आतां डोळ्याची रचना थोडक्यांत पाहूं. तेवढें कळलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी सोप्या होतील. कुत्र्याला दोन पापण्यांखेरीज तिसरीहि एक पापणी असते. नाकाकडील कोपऱ्यांत ती दुमडून असते आणि डोळा दुखूं लागला म्हणजे गुलाबी पडद्यासारखी वर सरकते. बुबुळाच्या पुढें घड्याळावरील कांचेसारखा एक स्वच्छ पडदा आहे. त्याला पारपटल म्हणतात. या पडद्यांत रक्तवाहिन्या नाहींत. म्हणून तो स्वच्छ राहतो. परंतु म्हणूनच ओलाव्याकरितां व बऱ्याच अंशीं पोषणाकरितां तो अश्रूंवर अवलंबून असतो. अश्रु म्हणजे नुसतें पाणी नव्हे. त्यांत तळाशीं बुळबुळीत थर, मध्यें पाणी आणि वर तेलाचा पातळ पापुद्रा असे तीन भाग असतात. यांपैकीं कोणताहि बिघडला कीं डोळा चिपडें धरूं लागतो.

प्रथम बाहेरून आंत शिरलेल्या वस्तूंचा विचार करूं. अकोल्याच्या पश्चिमेकडे कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड या बाजूला पावसाळ्यांत गवत माजतें, आणि दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारांवरील कुसळी गवत वाळून त्याचीं कुसळें झडूं लागतात. धोतराला आणि लुगड्याला चिकटणारें हें कुसळ कुत्र्याच्या डोळ्यांतहि शिरतें. त्याची रचनाच अशी कीं तें पुढें सरकतें, पण मागें येत नाहीं. तिसऱ्या पापणीच्या मागें तें जाऊन बसलें म्हणजे वरून कांहींच दिसत नाहीं; मात्र पापणी हलेल तितक्या वेळां तें पारपटलावर घांसतें. असा डोळा थेंबांनीं बरा होणें शक्य नाहीं. पशुवैद्य भूल देणारा थेंब घालून तिसरी पापणी चिमट्यानें उचलून पाहतो, कुसळ काढतो, आणि महिनोगणती चाललेलें दुखणें थोड्या दिवसांत संपतें. एकच डोळा वाहत असेल, आणि त्याची सुरुवात अचानक झाली असेल, तर हें कारण आधीं पाहावें.

दुसरें कारण पापण्यांचें. कांहीं कुत्र्यांची पापणी जन्मतःच आंत वळलेली असते, आणि तिच्यावरचे केस डोळ्यावर घांसतात. कांहींना पापणीच्या कडेवर नको त्या जागीं केस उगवतात. केसाळ कुत्र्याच्या बाबतींत कपाळावरचे केस डोळ्यांत लोंबत असणें एवढेंहि कारण पुरतें. चपट्या तोंडाच्या जातींचें दुःख आणखी निराळें. २००३ सालीं एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत पग जातीचा कुत्रा झळकला, आणि हा कुत्रा आपल्याकडे पुष्कळ घरीं आला. त्याचे डोळे बटबटीत व उघडे असल्यामुळें पुष्कळदां निजेंतहि पापणी पुरती मिटत नाहीं. मधला भाग कोरडा पडतो, आणि हळूहळू पारपटलावर काळसर डाग चढत जातो. हा डाग वयाचा म्हणून सोडून देतात. तो वयाचा नव्हे, सततच्या कोरडेपणाचा व घर्षणाचा असतो.

तिसरें कारण सर्वांत फसवें, म्हणून त्याविषयीं जरा विस्तारानें लिहितों. डोळ्याला चिकट, पिवळसर, दोरीसारखी घाण येत असेल, तर डोळ्यांत पाणी जास्त झालें आहे असें कोणासहि वाटेल. वास्तविक पुष्कळदां उलट असतें. अश्रूंतील पाणीच आटलेलें असतें, आणि उरलेला बुळबुळीत थर तेवढा सांचून राहतो. शरीराची संरक्षक शक्ति चुकून स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटते, हें याचें नेहमींचें कारण. पग, कॉकर स्पॅनिएल, ल्हासा ॲप्सो, शि त्झू या जातींत तें विशेष आढळतें. क्वचित् सल्फा वर्गांतील औषधांनींहि असें होतें. अशा डोळ्यांत जंतुनाशक थेंब घातले कीं घाण कमी होते, लाली उतरते, आणि घरच्यांना गुण आल्यासारखें वाटतें. कोरडेपणा मात्र तसाच राहतो. थेंब संपले कीं घाण परत येते. असें वर्षभर चाललें म्हणजे पारपटल गढूळ होतें, त्यांत रक्तवाहिन्या शिरतात, आणि पुढें दृष्टीच जाते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या कुत्र्याला हेंच झालें आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. पोस्टानें रोग ओळखण्याची विद्या आम्हांस अवगत नाहीं. परंतु तीन बाटल्यांची हकीकत वाचून हें पाहून घेणें अवश्य आहे, एवढें निश्चित.

येथें एक गोष्ट ओघानें सांगावयाची. तिसऱ्या पापणीच्या बुडाशीं अश्रूंची एक ग्रंथि असते. एकूण अश्रूंपैकीं सुमारें तृतीयांश पाणी तिच्यांतून येतें. कांहीं पिलांत ती जागेवरून सुटून कोपऱ्यांत लाल चेरीच्या फळासारखी बाहेर येते. पूर्वीं ती कापून टाकण्याची रीत होती. पुढें त्याच कुत्र्यांना उतारवयांत डोळे कोरडे पडण्याचा त्रास होऊं लागला. म्हणून आतां ती ग्रंथि टांके घालून पुन्हां आंत बसवतात. कोणी कापावयास सुचविलें तर बसवितां येईल काय, हें आधीं विचारावें.

चौथें कारण डोळ्याच्या बाहेरचें, म्हणजे सर्व शरीराचें. आपल्या हवेंत गोचिडींचा उपद्रव बारमास आहे. तपकिरी गोचिडींतून कुत्र्याच्या रक्तांत एर्लिकिया नांवाचा जंतु शिरतो. हा रोग १९३५ सालीं अल्जीरियांत प्रथम ओळखला गेला, आणि आज तो भारतांत सर्वत्र आहे. ताप, अन्नावरून मन उडणें, हिरड्या पांढऱ्या पडणें, नाकांतून रक्त येणें हीं त्याचीं लक्षणें. पण कित्येकदां प्रथम डोळाच लाल किंवा निळसर गढूळ होतो, कारण डोळ्याच्या आंतील भागाला सूज येते. येथें रक्त तपासावें लागतें, आणि औषध पोटांत द्यावें लागतें. तें सुमारें चार आठवडे चालतें. नुसते थेंब घालीत बसल्यास रोग आंत वाढतो. लस न टोंचलेल्या पिलाच्या दोन्ही डोळ्यांना घाण येऊं लागली आणि सोबत खोकला किंवा हगवण असली, तर डिस्टेंपरची शंका घेऊन त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मधुमेह झालेल्या कुत्र्याला कांहीं आठवड्यांतच मोतीबिंदु येऊं शकतो, हेंहि लक्षांत ठेवावें.

आतां दुकानांतील बाटल्यांकडे वळूं. डोळ्याच्या पुष्कळशा थेंबांत जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलें असतें. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेड्निसोलोन, बीटामेथासोन यांपैकीं एकादें नांव असेल, तर त्यांत स्टेरॉइड आहे असें जाणावें. योग्य रोगांत तें उत्तम औषध आहे. परंतु पारपटलावर व्रण असतांना तेंच औषध व्रण भरूं देत नाहीं. जंतूंना मोकळें रान मिळतें, पारपटल विरघळूं लागतें, आणि कांहीं दिवसांत, प्रसंगीं एकाद्या दिवसांतहि, डोळा फुटतो. विपरीत असें कीं पहिले एकदोन दिवस लाली उतरून डोळा बरा दिसतो! आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली बाटली कपाटांत असते, आणि औषध वायां कशाला घालवावयाचें या काटकसरी बुद्धीनें ती कुत्र्याच्या डोळ्यांत रिती होते. आमच्या घरांतील काटकसर हा गुण खरा. पण या एका ठिकाणीं तो गुण सोडावा. एकदां उघडलेली बाटली साधारण एका महिन्यानें टाकूनच द्यावी.

घरगुती उपायांविषयींहि हेंच. मध, तूप, गुलाबपाणी, तुरटीचें पाणी, त्रिफळ्याचा काढा, काजळ, यांपैकीं कांहींहि कारण न कळतां डोळ्यांत घालूं नये. आयुर्वेदाविषयीं आमचा आदर कोणाहून उणा नाहीं. परंतु निदानावांचून चिकित्सा आयुर्वेदासहि मान्य नाहीं. देवघरांतील उदबत्ती व धूप, किंवा बंबाचा धूर, यांपासून मात्र दुखऱ्या डोळ्याला दूर ठेवावें. तो उपाय निरपाय आहे.

मग करावें काय? पशुवैद्याकडे जाऊन तीन साध्या परीक्षा करून मागाव्या. पहिली, टीपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणींत एक मिनिट धरावयाची. शिर्मर नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें ती १९०३ सालीं माणसांकरितां काढली. निरोगी कुत्र्याच्या अश्रूंनीं ती पट्टी मिनिटांत १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजते. १० च्या खालीं भिजली तर डोळा कोरडा आहे असें समजतात. दुसरी, फ्लुओरेसीन नांवाच्या नारिंगी रंगाचा थेंब; हा रंग बायर या रसायनशास्त्रज्ञानें १८७१ सालीं तयार केला. पारपटलावर व्रण असेल तेथें तो हिरवागार उमटतो, नसेल तर धुवून जातो. स्टेरॉइडचे थेंब देण्यापूर्वीं ही परीक्षा झालीच पाहिजे. तिसरी, डोळ्यांतील दाब मोजण्याची. तो वाढला तर कांचबिंदु. यांपैकीं पहिल्या दोहोंस मोठें यंत्र लागत नाहीं, आणि दहापंधरा मिनिटांत उलगडा होतो.

तालुक्याच्या गांवीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तेथें बहुतेक गर्दी गाईबैलांची. डांगी बैलांच्या या मुलखांत तें साहजिकच आहे. तेथील डॉक्टरांस संकोच न करतां विचारावें. पट्टी किंवा रंग त्यांच्यापाशीं नसल्यास संगमनेर, नाशिक किंवा पुणें येथें कुत्र्यामांजरांचे खास दवाखाने आहेत. दुखणें गुंतागुंतीचें असल्यास मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय व त्याच आवारांतील बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथेंहि १९८८ पासून सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जातांना आजवर घातलेल्या सर्व बाटल्या बरोबर न्याव्या, आणि डोळा केव्हांपासून व कसा बिघडला याचें टिपण करून न्यावें. मुका रोगी स्वतः कांहीं सांगत नाहीं. त्याची हकीकत आपणच सांगावयाची असते.

कांहीं चिन्हें अशीं आहेत कीं तीं दिसतांच दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. डोळा घट्ट मिटून ठेवणें. पारपटलावर निळसर अथवा पांढरी झांक येणें, जिला आपण फूल पडणें म्हणतों. डोळा लाल होऊन बाहुली मोठी राहणें. डोळा पुढें आलेला दिसणें. आंत रक्त दिसणें. किंवा कुत्र्यानें एकाएकीं भिंतीवर आपटणें. कांचबिंदूच्या तीव्र झटक्यांत एकदोन दिवसांत दृष्टि कायमची जाते.

डोळे कोरडे पडल्याचें निघालें, तर निराश होण्याचें कारण नाहीं. या रोगाच्या औषधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. नॉर्वेंतील एका पठारावरून १९६९ सालीं आणलेल्या मातींत एक बुरशी सांपडली. तिच्यापासून सायक्लोस्पोरिन हें औषध निघालें, आणि दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्या रोग्यांना तें जीवदान देऊं लागलें. पुढें अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठांत रेने कासवान या पशुनेत्रवैद्य बाईंनीं तें कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांत घालून पाहिलें, आणि आटलेल्या ग्रंथि पुन्हां पाझरूं लागल्या. १९९५ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांकरितां त्याचें मलम मान्य झालें. माणसांच्या कोरड्या डोळ्यांकरितां त्याच औषधाचे थेंब २००२ सालीं मान्य झाले. म्हणजे या बाबतींत कुत्रा आधीं बरा झाला, आणि माणूस मागाहून. मात्र हें औषध दोन दिवसांत गुण देणारें नव्हे. कित्येकदां महिना दोन महिने लागतात. आणि गुण आल्यावरहि तें बहुधा जन्मभर, दिवसांतून दोनदां, चालवावें लागतें. आमच्या भगिनींनीं कायमचे थेंब विचारले आहेत. कायमचे थेंब खरोखरच असूं शकतात, परंतु ते निदान झाल्यावर ठरतात, त्याआधीं नव्हे.

थेंब घालण्याची रीतहि शिकून घ्यावी. समोरून बाटली नेल्यास कुत्रा घाबरतो. त्याला दोन पायांमध्यें पाठमोरा बसवून हनुवटी किंचित वर उचलावी, बाटलीचा हात त्याच्या कपाळावर टेंकावा, आणि वरची पापणी अंगठ्यानें उचलून मागच्या बाजूनें एकच थेंब सोडावा. दोन थेंबांना डोळ्यांत जागाच नसते. दुसरा गालावरून ओघळतो. बाटलीचें तोंड डोळ्याला लावूं नये. दोन औषधें असल्यास मध्यें पांच ते दहा मिनिटें जाऊं द्यावीं, आणि मलम शेवटीं घालावें. आधीं चिपडें उकळून निवविलेल्या पाण्यानें अथवा निर्जंतुक सलाईननें कापूस भिजवून पुसावीं. प्रत्येक डोळ्यास कापूस निराळा, आणि मागाहून हात साबणानें धुवावे. पंजानें डोळा खाजवीत असेल तर गळ्यांत नरसाळ्यासारखी पट्टी बांधावी. चार दिवसांत त्याला तिची संवय होते. सकाळच्या चहाची व सायंकाळच्या दिवेलागणीची वेळ थेंबांना नेमून दिली म्हणजे विसर पडत नाहीं. थेंबानंतर लगेच एकादा आवडता घांस दिला कीं कुत्रा आपण होऊन येऊन बसूं लागतो. हें काम घरांतील शाळकरी मुलास सोंपवावें; नेमानें सेवा करणें म्हणजे काय, तें त्याला पाठ्यपुस्तकावांचून समजेल.

इतकें करूनहि कधीं कधीं डोळा जातो. आंधळा झालेला डोळा दुखत राहिला, तर पशुवैद्य तो काढून टाकण्याचा सल्ला देतात. हें ऐकून घरांतील मंडळी हवालदिल होतात, आणि विद्रूप दिसेल म्हणून महिने काढतात. त्या महिन्यांत कुत्रा डोकें दुखणाऱ्या माणसासारखा कोपऱ्यांत पडून राहतो, आणि तो म्हातारा झाला असें आपण म्हणतों. वेदना संपल्यावर तोच कुत्रा पुन्हां खेळूं लागल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यांतलीं आहेत. दिसण्याची लाज आपल्याला असते. कुत्र्याला ती नसते. पुरता आंधळा झालेला कुत्राहि घराचा नकाशा नाकानें व पायांनीं पाठ करतो. खुर्च्या, पाट, पाण्याचें भांडें यांच्या जागा बदलूं नयेत, विहीर व जिना यांना आडोसा करावा, अंगाला हात लावण्यापूर्वीं हांक मारावी, आणि रात्रीं त्याला दाराच्या आंत घ्यावें, एवढें पुरे.

सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत कुत्र्याला ओटीच्या आंत घेण्याविषयीं आजहि मतभेद आढळतात. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. ज्यानें सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, त्या धर्मराजाची कथा प्रत्येक घरीं ठाऊक आहे. तिच्यावर अधिक भाष्य करण्याचें कारण नाहीं. या महिन्यांत एवढेंच करावें : कुत्र्याला उजेडांत घेऊन दोन्ही डोळे शेजारीं शेजारीं नीट न्याहाळावे, एकांत आणि दुसऱ्यांत फरक दिसल्यास कपाटांतील बाटलीकडे हात न नेतां दवाखान्याची वाट धरावी, आणि तेथें प्रथम रोगाचें नांव विचारावें, औषधाचें नांव त्यानंतर.